फेर्मिनचं पाऊल

शनिवार, २ ऑक्टोबर १९९३

डोन्या एन्ग्रासिया आज दुकानात आली ती छातीशी काहीतरी कवटाळून, जणू वेदीवरची मूर्तीच उचलून आणली आहे. मला वाटलं, बाईचा मिक्सर पुन्हा जळला. तर नाही. जुन्या टेपचं रीळ होतं, बुरशी आलेलं.

"फिलो, आधी हात धुवून ये."

"बाई, हे रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, चर्च नव्हे."

"हात धू म्हणते ना!"

धुतले. या बाईशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. तिचा नवरा बिचारा प्रयत्न करता करताच गेला.

रिळावर सिनेमातल्या फेर्मिन अल्कोसेरची मुलाखत आहे. चौऱ्याहत्तर साली बंदरातल्या रेडिओवर झाली होती. त्या संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला, आमच्या बोका दे ग्रासियाचे विजेचे खांब आडवे झाले, आणि ज्या गावाबद्दल तो माणूस बोलला त्याच गावानं ती ऐकली नाही. पुन्हा कधी लागलीही नाही. आता रेडिओवाले अडगळ काढत होते, त्यातून एन्ग्रासियाच्या जावयानं रीळ उचललं. येत्या एकवीस तारखेला, गुरुवारी, फेर्मिनची पुण्यतिथी. चौकात कर्णे लावून सगळ्या गावाला मुलाखत ऐकवायची आणि मग नाच, असं स्मरण मंडळानं ठरवलं आहे. मंडळानं म्हणजे एन्ग्रासियानं. बाकीच्या बायका माना हलवायला असतात, त्यात माझी बायको ओलायाही आली.

"आणि फिलो, एक शब्द ऐकायचा नाहीस. सगळ्यांनी एकदम ऐकायचं. शपथ घे."

"न ऐकता दुरुस्त कसं करू? नाकानं?"

"तपासण्यापुरतं ऐक. पण कान देऊन ऐकू नकोस. तुझ्या कानांना तसं अवघडच आहे म्हणा."

माझ्या सुपाएवढ्या कानांवरून बोलल्याशिवाय या गावात कुणाला जेवण पचत नाही.

रात्री जेवताना ओलायाला रिळाबद्दल सांगितलं. तळलेली केळी वाढता वाढता तिचा हात थांबला. "आपल्या गावाबद्दल बोललाय तो?" म्हणाली. बस्स, इतकंच. पण हात थांबला खरा.

सोमवार, ४ ऑक्टोबर

डोकं ठिकाणावर नाही. लिहून मोकळा होतो.

एकसष्ट साली फेर्मिन इथं चित्रपटाच्या चित्रीकरणाला आला होता. नदीवरचा प्रवेश, बोटी, त्या दिवसाचं काम झालं आणि गुरुवारी संध्याकाळी, आमच्या दर आठवड्याच्या नाचाला, साहेब चौकात दान्सोन नाचायला उतरले. मी तेव्हा कासिमिरो मास्तरांच्या वाद्यवृंदात तिंबाल वाजवायचो. अजूनही वाजवतो. दोन पितळी ढोल, दोन काठ्या, आणि अख्खा चौक माझ्या इशाऱ्यावर. दान्सोनमध्ये मध्ये मध्ये विसावा येतो. तेव्हा सगळ्या जोड्या जागच्या जागी थांबतात, आमच्याकडे तोंड करून उभ्या राहतात, बायका पंख्यानं वारा घेतात. तिंबालचा ठोका पडला की पुन्हा नाच. विसाव्यात पाय हलवणारा माणूस म्हणजे प्रार्थना चालू असताना शिट्टी मारणारा. आमच्याकडे पाच वर्षांचं पोरही असं करत नाही.

फेर्मिननं केलं. दुसऱ्या विसाव्यात, सगळा चौक स्तब्ध, आणि देशाच्या लाडक्या नायकानं टाकलं की हो पाऊल! मी लगेच ठोका मारला, पाहुण्याची लाज झाकली जावी म्हणून. वाद्यवृंद जरा अडखळला, पण निभावलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. गाव इतकं हसलं, आणि तोही इतका गोड हसला, की त्या दिवसापासून तो आमचाच झाला. तो वारल्यापासून दर पुण्यतिथीला सगळा चौक दुसऱ्या विसाव्यात मुद्दाम एक चुकीचं पाऊल टाकतो. त्याला फेर्मिनचं पाऊल म्हणतात. परगावचे लोक बघायला येतात.

हे सगळं मी हजार वेळा सांगितलं आहे. जे कधी सांगत नाही ते असं, की त्या दिवशी त्याच्यासोबत नाचत होती ती ओलाया. पिवळा झगा. आमचं तेव्हा नुकतं कुठं बोलणं सुरू झालं होतं. आणि विसाव्यात तो तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. सगळ्यांनी पाहिलं. काय बोलला, ते तिनं आजवर सांगितलं नाही. विचारलं की हसते. चित्रपटवाले गेले आणि तीन महिन्यांनी तिनं माझ्याशी लग्न केलं.

म्हणजे त्यानं नेलं नाही म्हणून मी? का तिनं नाही म्हटलं म्हणून मी? बत्तीस वर्षं एका ताटात जेवतोय आणि एवढं मला माहीत नाही. मत्सर वगैरे मुळीच नाही. मेलेल्या माणसाचा कसला मत्सर? पण माहीत असायला नको का?

गुरुवार, ७ ऑक्टोबर

आज चौकात सगळ्यांच्या तोंडी रीळच. विश्रांतीत मास्तर क्लॅरिनेट पुसत म्हणाले, "फिलो, फेर्मिन म्हणतोय का रे, की मला नाच येत होता, ढोलवाल्यानंच घोळ घातला?"

ऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं मनावर घ्यायचं नसतं.

"मास्तर, आधी पाऊल, मग ठोका. तुम्ही समोरच होता."

"मी क्लॅरिनेट फुंकत होतो. डोळे मिटून फुंकतो मी."

बाकीचे फिदीफिदी हसले. हसू देत. आधी पाऊल, मग ठोका. मला स्पष्ट आठवतं. पाऊलच आधी.

शनिवार, ९ ऑक्टोबर

रीळ उघडलं. नदीकाठच्या दमट हवेनं वेढे एकमेकांना चिकटले आहेत. मऊ फडकं, स्पिरिट आणि संत माणसाचा धीर पाहिजे. संत नाही, पण फडकं आहे.

सुरुवातीचा भाग सुटला. तपासण्यापुरता ऐकला. काय आवाज तो! मी कोणाच्या मंडळात नाही, पण खरं ते खरं. दुकानात नुसता आवाज आला आणि मी चष्मा काढून नीट बसलो. समोर बाई प्रश्न विचारते आणि हा हसत हसत उत्तरं देतो, मध्येच कॉफी ओढल्याचा आवाज येतो. आजीबद्दल बोलला. मग बाईनं विचारलं, "आणि बोका दे ग्रासिया?" तो खूप वेळ हसला. म्हणाला, "तिथं एक मुलगी होती. पिवळ्या झग्यातली. तिला मी जन्मात विसरणार नाही. मी तिला विचारलं की..."

आणि तिथंच टेप चिकटलेली! खर्र खर्र, आणि बंद.

दुकान बंद करून घरी आलो. ओलाया म्हणाली, "तोंड असं का? काही खाल्लंस का बाहेर?" म्हटलं, हो, पोट बिघडलंय. तिनं ओव्याचं पाणी दिलं. जन्मात विसरणार नाही म्हणे!

सोमवार, ११ ऑक्टोबर

आजचं लिहून ठेवतोच.

ओलाया दुपारी दुकानात आली. कधी येत नाही. माझ्यासाठी डबा आणला होता, टोमॅटो-ऑलिव्हमधला मासा, जो ती फक्त नाताळात करते. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी खाऊन होईपर्यंत समोर बसली. मग म्हणाली, "फिलो, फार खराब झालीय का ती टेप?"

"होईल नीट."

"नाही झाली तर नाही झाली. जुनी गोष्ट. कशाला उकरायची? एन्ग्रासियाला सांग, पाणी शिरलंय, काही उरलं नाही. मी सांगू का?"

"का? काय आहे त्यात?"

"मला काय माहीत?" आणि माझ्याकडे न बघता डबा धुवायला लागली. माझ्या दुकानातल्या नळावर, जिथून गंजकं पाणी येतं!

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. इतकी वर्षं हसून टाळलं, आता मासा खाऊ घालून टाळतेय. तिचा जीव का वरखाली व्हावा? काहीतरी आहेच.

ठीक आहे. आता तर मी ते रीळ असं साफ करणार, की त्यातला श्वाससुद्धा ऐकू आला पाहिजे. सगळ्या गावाला ऐकू आला पाहिजे.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

तीन दिवस जेवढ्यास तेवढं बोलणं. "मीठ दे." "घे." चौकात ती दुसऱ्यांबरोबर नाचली, नेहमीसारखी. मी वर बसून वाजवणार म्हटल्यावर तिनं काय भिंतीबरोबर नाचायचं? आज मात्र ती कोणाबरोबर नाचतेय ते मी बघितलंसुद्धा नाही. तीन जण होते. औषधाच्या दुकानवाला दोनदा.

रविवार, १७ ऑक्टोबर

सगळे वेढे सुटले. बोटांची सालं निघाली, पण टेप नव्यासारखी.

यंत्रावर चढवली. बटणावर बोट ठेवलं. अर्धा तास तसाच बसलो. दाबलं नाही.

शपथ होती म्हणून, असं एन्ग्रासियाला सांगेन. खरं इथं लिहितो. भीती वाटली. समजा तो म्हणाला, ती यायला तयार होती, मीच नेलं नाही. मग? त्या दिवसानंतर तिनं केलेल्या प्रत्येक कॉफीत मला तेच दिसेल. एकट्यानं ऐकायची छाती नाही. चारचौघांत निदान तोंड सरळ ठेवावं लागतं.

ओलायाला म्हटलं, "झालं तुझ्या फेर्मिनचं काम."

"माझा कसला रे?" म्हणाली. आणि मग हळूच, "सगळं ऐकू येतं?"

"सगळं."

तिनं कपाळावर हात मारला. खरंच मारला, मी आरशात पाहिलं.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

कालचं आज लिहितोय. काल लिहिण्यासारख्या अवस्थेत नव्हतो.

चौक तुडुंब भरला होता. एन्ग्रासियानं फेर्मिनच्या मोठ्या तसबिरीला इतके हार घातले, की बिचाऱ्याचं फक्त नाक दिसत होतं. मी दोन दिवस खपून चारी कोपऱ्यांत कर्णे लावलेले. आवाज नदीपलीकडे जावा इतका. हे मी माझ्या हातानं केलं, हे लक्षात असू द्यावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

ओलाया माझ्या शेजारी येऊन बसली. आठवडाभरात पहिल्यांदा माझा हात धरला. म्हणाली, "फिलो, काहीही ऐकलंस तरी उठून जायचं नाही. कबूल?"

मी मान हलवली. बटण दाबलं.

आजीची गोष्ट झाली. आजी बंदरातली, तिनं नातवाला फरशीच्या एकाच चौकोनात दान्सोन शिकवला म्हणे, चौकोनाबाहेर पाय गेला की चप्पल. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. असा माणूस विसाव्यात पाऊल टाकेल? मग ती जागा आली.

फेर्मिन म्हणाला, "मी तिला विचारलं, की माझ्याबरोबर राजधानीला चल, तुझी पडद्यासाठी चाचणी घेऊ. असे डोळे मी पाहिले नाहीत. पण बाई, ती ऐकतच नव्हती. नाचायला उतरतानाच तिनं मला बजावलं होतं, की मंचाकडे माझी पाठ होईल असं फिरवू नका. मला वाटलं, संगीताची आवड. कसलं काय! वर तिंबालवर एक पोरगा होता, हे एवढे कान..."

चौकात कोणीतरी खिंकाळलं. सगळी डोकी माझ्याकडे.

"...तिची नजर त्या कानांवर, आणि त्याची नजर आमच्यावर. मास्तरांकडे बघायचं सोडून तो आमच्याकडे बघत होता. विसावा अजून अर्धाही झाला नव्हता आणि यानं, ठण्ण! घातला ठोका. वाद्यवृंद लंगडला. लोकांच्या लक्षात येणार, तेवढ्यात ती पोरगी दातांतून मला म्हणते, साहेब, पाऊल टाका! लवकर! तुम्ही पाहुणे, तुम्हाला हसतील आणि विसरतील. त्याला मात्र हे लोक पुन्हा वर चढू देणार नाहीत."

बाईनं विचारलं, "मग?"

"मग काय, टाकलं पाऊल. आजीनं वरून चप्पल उगारली असेल. तेरा वर्षं झाली, त्या गावचा माणूस भेटला की पाय उचलून दाखवतो. मी इतक्या भूमिका केल्या, पण हीच एक अशी, जी कोणाला कळलीच नाही."

"आणि राजधानीचं? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, गाणं संपू द्या. गाणं संपलं, आणि ती त्या ढोलवाल्याला पाणी द्यायला गेली."

मग जे काही उसळलं! औषधाच्या दुकानवाला बाकावर चढून ओरडला, "वाजवता येईना, चौक वाकडा!" कासिमिरो मास्तरांना हसता हसता ठसका लागला, पाणी पाजावं लागलं. एन्ग्रासिया एकीकडे रडत होती आणि एकीकडे पंखा माझ्याकडे नाचवत होती. "बघितलंस? आमचा फेर्मिन! चौदा वर्षं मेलेल्या माणसाची आम्ही थट्टा करतोय आणि चोर इथं बसलाय, कर्णे लावून!"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि खरं सांगतो, त्याच वेळी इतका आनंद झाला होता, की उडी मारावीशी वाटत होती. दोन्ही एकदम कसं होतं, देव जाणे. ओलायाकडे बघितलं तर तिनं पंख्यामागं तोंड लपवलेलं.

"म्हणून टेप नको म्हणत होतीस?"

"मग कशाला? गाढवा, तू किती अभिमानानं सांगतोस ती गोष्ट! पाहुण्याची लाज झाकली म्हणे!"

मास्तरांनी वर बोलावलं. मी म्हटलं, मी नाही चढत. ओलायानं मला पाठीत ढोसलं. "चढ. मी इतकं करून ठेवलं ते तू खाली बसावंस म्हणून?"

चढलो. वाजवलं. दुसऱ्या विसाव्यात सगळा चौक नेहमीप्रमाणे मंचाकडे वळला, आणि माझ्या तोंडाकडे बघत, एकदम, पाऊल टाकलं. एन्ग्रासियानं खालून घोषणा केली, की पुढच्या वर्षीपासून याचं नाव फिलोचं पाऊल. मंडळाचा ठराव मंजूर. माना हलल्या.

ठोका मात्र मी वेळेवर मारला. मास्तर साक्षी आहेत, डोळे मिटून का होईना.

रविवार, २४ ऑक्टोबर

तीन दिवस गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस पाय उचलून दाखवतोय. पाववाल्यानं पिशवीसुद्धा एका पायावर उभं राहून दिली. चालायचंच.

आज सकाळी ओलाया कॉफीत दूध ओतत होती. मी म्हटलं, "त्याचं ते राजधानीचं बोलणं तू खरंच ऐकलं नव्हतंस?"

"ऐकलं की. मी काय बहिरी आहे?"

"मग?"

"मग काय? आठवडाभर विचार केला. त्यांचं काम अजून चालूच होतं. पलंगाखालची पेटीसुद्धा काढली, दोन झगे भरले." दूध ओतणं चालूच. ही बाई अशी गोष्ट बाजारभाव सांगावा तशी सांगते. "वीस वर्षांची होते, फिलो. कोणाला जावंसं वाटणार नाही?"

"मग गेली का नाहीस?"

"पुढच्या गुरुवारी चौकात आले होते. तुला शेवटचं बघून घ्यावं म्हणून. आणि तू मेला एकदाही चुकला नाहीस! मान खाली, नजर ढोलांवर, घड्याळासारखं वाजवत होतास. अख्ख्या संध्याकाळी एकदा वर बघितलं नाहीस. मला इतका राग आला! म्हटलं, याला काहीच वाटत नाही? असा कसा जाऊ देतो हा? आणि त्या रागातच घरी जाऊन पेटी रिकामी केली. तुला जाब विचारायला राहिले, आणि मग राहूनच गेलं."

मग म्हटलं, कारण आता न बोलून काय मिळवायचं, "ओलाया, तू गेली असशील असं वाटलं होतं मला. वर बघितलं आणि तू दिसली नाहीस तर मी काय करू, म्हणून बघितलं नाही. एकदाही. हिंमतच झाली नाही."

तिनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. डोळे भरले होते तिचे. माझेही.

"मी आले होते रे," ती म्हणाली. "पहिल्याच बाकावर बसले होते."